अठरा पूर्ण झाली, आता सही कोण करणार? दिव्यांग माणसाला निर्णयात आधार देण्याची पुण्यातली वाट

बँकेत खातं उघडायला मी आणि माझा धाकटा भाऊ गेलो होतो. काउंटरपलीकडच्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "यांना सही करता येते का?" 'हे' समोरच बसले होते. वय सत्तावीस, दाढी घोटलेली, अंगात इस्त्रीचा निळा शर्ट. बँकेत जायचंय म्हणून तो शर्ट त्यानंच आदल्या रात्री काढून ठेवला होता. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "येते. पण वेळ लागतो." मग जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून, एकेक अक्षर कोरावं तशी त्यानं सही केली. रांगेतले आजोबा दोनदा खाकरले. सही चौकटीबाहेर गेली. बाईंनी दुसरा फॉर्म दिला, त्यानं पुन्हा केली.

त्या दिवशी पाऊण तास लागला. पण सही त्याची त्यानं करायची असते, एवढं आमच्या घराला कळायला त्याआधी नऊ वर्षं लागली होती. त्या नऊ वर्षांतले हेलपाटे गाळून उरलं ते इथे लिहितोय. ज्यांच्या घरातलं मूल सतरा-अठराला टेकलंय, किंवा आईवडील थकल्यावर भावाबहिणीची जबाबदारी ज्यांच्याकडे आली आहे, त्यांच्यासाठी. माझा भाऊ बौद्धिक दिव्यांग आहे, म्हणून उदाहरणं त्याचीच येतील. मानसिक आजाराची वाट थोडी वेगळी आहे, ती पुढे सांगतो.

अठराव्या वाढदिवसाला काय बदलतं

मूल अठराच्या आत, कायद्याच्या भाषेत 'अज्ञान', असेपर्यंत आईवडील त्याचे नैसर्गिक पालक. अठरा पूर्ण झाली की ते पालकत्व संपतं, मूल दिव्यांग असो वा नसो. आमच्या आईला हे काही केल्या पटेना. "मी जन्म दिलाय त्याला, मला कागद कशाला?" आई ती आहेच. पण बँक आणि दुय्यम निबंधक यांच्या लेखी तिची सही ही आता त्याची सही नाही.

हे कळलं की बहुतेक घरं एकाच दिशेनं पळतात: लीगल गार्डियनशिप काढा, म्हणजे अठरानंतरही कायदेशीर पालक नेमून घ्या. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला सल्ला हाच येतो. आम्हीही पळालो होतो. माझं आजचं मत असं, की काही घरांना तो कागद लागतो, पण तो शेवटी. त्याच्या अलीकडे बरंच काही करता येतं, आणि त्या बऱ्याच गोष्टींना कुठल्याही कचेरीची परवानगी लागत नाही.

कायदाही हेच म्हणतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम १३ वाचाच. दिव्यांग माणसाला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे, त्याला मालमत्ता ठेवता येते, वारसा मिळतो, स्वतःचे पैशाचे व्यवहार करता येतात, बँकेचं कर्ज मागता येतं, आणि हे करताना त्याला आधार घेता येतो. आधार कुणाचा घ्यायचा हे तो ठरवतो, आणि उद्या माणूस बदलावासा वाटला तर तोच बदलतो. आधार देणाऱ्यानं दबाव आणायचा नाही आणि त्याची खासगी गोष्ट चव्हाट्यावर मांडायची नाही, हेही त्याच कलमात आहे. यामागे संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा दिव्यांग हक्क करार आहे. त्याचा अनुच्छेद १२ नेमका याच विषयावर आहे, आणि भारतानं तो करार २००७ मध्ये मान्य केला.

जगात याला सपोर्टेड डिसिजन मेकिंग म्हणतात. पेरूनं २०१८ मध्ये आणि कोलंबियानं २०१९ मध्ये या करारानुसार आपले कायदे बदलले. अमेरिकेत टेक्सास राज्यानं २०१५ मध्ये अशा आधाराच्या लेखी कराराला कायद्यात जागा दिली, नमुन्यासकट. आपल्या कायद्यात तत्त्व आहे, नमुना नाही. म्हणजे पुण्यात अमुक खिडकीवर टोकन घ्या आणि ही सेवा मिळवा, असं होत नाही. ती घरात उभी करावी लागते आणि मग अडेल तिथे कचेरीची, वकिलाची, संस्थेची मदत जोडावी लागते.

पहिली पायरी: वही

शंभर पानी वही घ्या. त्यात आठवडाभरात त्या माणसाच्या आयुष्यात जेवढे निर्णय होतात तेवढे लिहा. शर्ट कुठला, नाश्त्याला काय, केस कधी कापायचे, फोनवर कुणाशी बोलायचं, गोळी बदलायची का, पैसे कुठे ठेवायचे. समोर लिहा, तो निर्णय खरा कुणी घेतला.

आमच्या वहीत पहिल्या आठवड्यात एकोणचाळीस नोंदी झाल्या. त्यातल्या चार त्याच्या होत्या. आई ते पान बघून बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "केस कापायचंही आपणच ठरवतो की रे." तिथून आम्ही सुरू केलं. जमिनीच्या कागदावरून सुरुवात करू नका. ज्याला आयुष्यात कधी न्हाव्याकडे 'बारीक की मध्यम' हे विचारलेलं नाही, त्याला एकदम फ्लॅटबद्दल विचारलं तर तो गोंधळणार, आणि मग आपण म्हणणार, बघा, त्याला कळत नाही.

एक सावधगिरी. प्रमाणपत्रावरच्या टक्केवारीचा या वहीशी संबंध लावू नका. सत्तर टक्के दिव्यांगत्व म्हणजे शंभरातले सत्तर निर्णय दुसऱ्यानं घ्यायचे, असा त्याचा अर्थ नाही. ती टक्केवारी सवलती आणि योजनांसाठी आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मात्र काढलेलं असू द्या. पुढे प्रत्येक ठिकाणी तेच पहिलं मागतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, आणि तपासणी सरकारी रुग्णालयात, म्हणजे आपल्याकडे ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय.

दुसरी पायरी: माणसं

तीन ते पाच माणसं पुरतात. ती दिव्यांग माणसानं निवडायची. आम्ही आमच्या मनात यादी तयार ठेवली होती: आई, मी, मामेबहीण, त्याच्या जुन्या शाळेतल्या बाई. फोटो टेबलावर मांडले आणि विचारलं, "अडचण आली की यातलं कोण हवं?" त्यानं आईचा उचलला, मामेबहिणीचा उचलला, माझा बाजूला सरकवला आणि म्हणाला, "इस्त्रीवाले काका." काकांचा फोटो आमच्याकडे नव्हताच. मला राग आला, खोटं कशाला बोलू. नंतर लक्षात आलं. गेली आठ वर्षं तो रोज संध्याकाळी कपडे घेऊन त्यांच्या टपरीवर जातो, आणि ते त्याच्याशी बोलताना हातातली इस्त्री उभी करून ठेवतात. मी त्याच्याशी बोलताना फोन बघत असतो.

शेवटी मी आलो यादीत, पण 'डॉक्टर आणि फोन' एवढ्यापुरता. पैशाला मामेबहीण. कामाच्या ठिकाणच्या गोष्टींना काका. प्रत्येक माणूस प्रत्येक विषयाला नको, हा नियम आपोआपच तयार झाला, आणि तो चांगला आहे.

कुणाला घेऊ नये? जो त्याच्या वतीनं पटकन उत्तर देतो त्याला. जो त्याच्यासमोर त्याच्याबद्दल 'तो' करून बोलतो त्याला. आणि पगारी काळजीवाहकाला एकट्याला नाही, कारण नोकरी टिकवण्याची त्याची भीती मध्ये येते.

मतदानाचं उदाहरण मला इथे उपयोगी पडलं. दृष्टिहीन किंवा शारीरिक दुर्बलता असलेल्या मतदाराला मतदान केंद्रात सोबती नेता येतो. सोबत्यानं मत गुप्त ठेवायचं असतं, आणि एका दिवशी तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. बटण दाबायला हात सोबत्याचा असला तरी मत मतदाराचं. मामेबहिणीला मी हेच सांगितलं होतं. आईनं लगेच विचारलं, "पण गार्डियनशिप घेतली तर याचं मत जातं का?" नुसत्या गार्डियनशिपच्या प्रमाणपत्रानं जात नाही. मतदार यादीतून नाव जायला सक्षम न्यायालयानं माणूस विकल मनाचा असल्याचं जाहीर करावं लागतं. धाकटा मत देतो. कुणाला, ते सांगत नाही.

तिसरी पायरी: प्रश्न त्याच्या मापाचा करा

सगळं काम इथे आहे. बाकीच्या पायऱ्या घाईत उरकल्या तरी चालतील, ही नाही.

पहिली गोष्ट, 'हो'वर विश्वास ठेवू नका. लहानपणापासून 'हो' म्हटलं की शाबासकी मिळालेली असते. आम्ही एक साधी चाचणी करतो. "चहा हवा की कॉफी?" तो म्हणतो, "कॉफी." पाच मिनिटांनी उलटं विचारायचं, "कॉफी हवी की चहा?" तो म्हणाला "चहा", की समजायचं, तो शेवटचा शब्द परत देतोय, निवडत नाहीये. मग शब्द बाजूला ठेवायचे आणि वस्तू समोर ठेवायच्या. चहाचा कप, कॉफीचा कप. वस्तू नसेल तर फोटो. फोटो समजत नसतील तर प्रत्यक्ष करून बघणं.

कामाच्या निर्णयात आम्ही तेच केलं. दोन कार्यशाळा होत्या. एकीत पणत्या रंगवायच्या, दुसरीत कागदी पिशव्या चिकटवायच्या. त्याला नुसतं विचारलं असतं तर त्यानं माझ्या चेहऱ्याकडे बघून उत्तर दिलं असतं. म्हणून एकेक आठवडा दोन्हीकडे जाऊन आला. रोज संध्याकाळी कॅलेंडरवर त्यानं हसरा किंवा रडका चेहरा काढायचा. पणत्यांकडे पैसे जास्त होते, घरापासून अंतरही कमी होतं. त्यानं पिशव्या निवडल्या. का, तर तिथल्या एका मित्राच्या डब्यात भेंडी असते आणि तो देतो. आम्ही कॉलेज निवडताना यापेक्षा फार भारी कारणं दिली होती असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट, 'नाही'च्या आत काय आहे ते बघा. अक्कलदाढ काढायची होती. धाकटा दवाखान्याच्या दारातच अडला. "नाही." नातेवाइकांपैकी एकजण म्हणाले, "धरून बसवा, दोन मिनिटांचं काम आहे." आम्ही घरी परत आलो. मी मोबाइलवर फोटो काढून आणले होते: खुर्ची, सुई, मास्क, वरचा दिवा, चूळ भरायचं भांडं. एकेक दाखवला. सुईवर तो थांबलाच नाही. दिव्यावर बोट ठेवलं आणि डोळे मिटले. पुढच्या खेपेला काळा गॉगल घालून गेला, दाढ काढून आला, आणि तो गॉगल नंतर आठवडाभर घरातही घालून हिंडला.

पण दर वेळी 'नाही'मागे गॉगलनं सुटणारं काही सापडेलच असं नाही. चुलतभावाच्या लग्नाला तो नाही म्हणाला. डीजेमुळे? नाही. गर्दी? नाही. "मला नाही जायचं." बस. गेला नाही. कारण न देता नाही म्हणायची मुभा आपण सगळे वापरतो, त्याच्याकडून मात्र दरवेळी स्पष्टीकरण मागतो.

बाकी छोट्या छोट्या युक्त्या: एका वेळी एकच प्रश्न. दुपारी जेवणानंतर महत्त्वाचं विचारायचं नाही. सांगून झालं की त्याला म्हणायचं, आता तू काकांना समजावून सांग. त्यानं त्याच्या शब्दांत सांगितलं तर कळलं, माझ्या शब्दांत सांगितलं तर पुन्हा सुरुवात. आणि उत्तराआधी शांत बसायचं, मनात वीसपर्यंत मोजत. माझ्यासाठी सगळ्यात अवघड हेच आहे, मी अजून अकरापाशी तोंड उघडतो.

बोलता न येणाऱ्या माणसाचं काय, हे पालक हमखास विचारतात. तिथे उत्तर शब्दांत मिळणार नाही, पण मिळतं. कुठे गेल्यावर खातो, कुणी आल्यावर तोंड फिरवतो, कुठल्या खोलीत झोप लागते. अशा नोंदी वर्षानुवर्षं ठेवणारी आई म्हणजे चालतीबोलती फाइलच असते, फक्त ती फाइल तिच्या डोक्यात असते. ती वहीत उतरवा. उद्या ती नसताना ती वही बोलेल.

शरीराबद्दलचे निर्णय

यावर थोडं थांबतो, कारण पुणे जिल्ह्याला याचा इतिहास आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुली-बायकांची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि देशभर गदारोळ उठला. कारण दिलं गेलं पाळीच्या वेळच्या स्वच्छतेचं. ज्यांचं शरीर होतं, त्यांचं मत त्या निर्णयात कुठेच नव्हतं.

आज २०१६ च्या कायद्याचं कलम १० सांगतं, की दिव्यांग व्यक्तीवर मूल होणं बंद करणारा कुठलाही वैद्यकीय उपचार तिच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येणार नाही. त्याआधी २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सौम्य बौद्धिक दिव्यांग तरुणीचा गर्भपात तिच्या इच्छेविरुद्ध करायला नकार दिला होता. तिला मूल हवं होतं. मुलीची पाळी सुरू झाली की 'एकदाचं काढून टाका' हा सल्ला आजही नातेवाइकांत कुजबुजला जातो. तो ऐकला तर हे कलम पुढे करा.

चौथी पायरी: कागद

घरातला आधार-करार एक-दीड पानाचा असतो. कायद्यानं त्याचा नमुना दिलेला नाही, म्हणून साध्या मराठीत लिहा: माझं नाव अमुक. मला पैशाच्या गोष्टी समजून घ्यायला अमुकची मदत हवी. ती मला समजावेल, माझ्यासोबत बँकेत येईल, माझ्याऐवजी ठरवणार नाही. माझे वैद्यकीय कागद अमुक बघू शकेल, अमुक बघणार नाही. मला नको वाटलं तर मी हा कागद बदलेन. खाली त्याची सही किंवा अंगठा, आधार देणाऱ्यांच्या सह्या, दोन साक्षीदार, तारीख. शेजारी फोटो चिकटवा, म्हणजे त्यालाही तो वाचता येईल.

हा कागद दाखवल्यावर बँक लगेच मान डोलावेल असं समजू नका. १८७२ चा करार कायदा कलम १२ मध्ये अजूनही विचारतो, की करार करताना माणसाला तो समजत होता का आणि त्याचं आपल्यावर काय होईल हे त्याला ठरवता येत होतं का. तुमचा कागद त्या प्रश्नाला उत्तर देण्याचा पुरावा आहे. कधी समजावलं, कसं समजावलं, तो काय म्हणाला, हे लिहिलेलं असलं की समोरच्या अधिकाऱ्याचीही भीती कमी होते. नाही म्हणणारे बरेचदा कायद्यासाठी नाही म्हणत नाहीत, उद्या आपल्यावर बालंट येईल म्हणून म्हणतात.

बँक अडली तर शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, कलम १३ चा उल्लेख करून, आणि पोच घ्या. तोंडी भांडणात आपण हरतो. उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार होते. दृष्टिहीन खातेदारांना चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारायचे नाहीत, हे रिझर्व्ह बँकेनं २००८ मध्येच बँकांना कळवलं आहे. त्यांना किंवा कर्णबधिरांना पालक नेमायला सांगणारा कुणी भेटला तर तो चुकतोय. त्यांना लागतो तो वाचून दाखवणारा किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषी.

फ्लॅट, हिस्सा आणि मी

वडील गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. फ्लॅट त्यांच्या नावावर, वारस तिघं: आई, मी, धाकटा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं तिघांचा सारखा हिस्सा, आणि त्याच कायद्याचं कलम २८ स्पष्ट म्हणतं, की आजार किंवा व्यंगामुळे वारसाहक्क जात नाही. मग सोसायटीचं पुनर्विकासाचं निघालं. कागद गोळा करणारे एक गृहस्थ चहा पिता पिता म्हणाले, "धाकट्याचं हक्कसोडपत्र करून घ्या, पुढे कटकट नको. सांभाळणार तुम्हीच आहात ना?"

त्या वाक्यात काही वाईट वाटत नाही, आणि तेच त्याचं वाईट आहे. मीही दोन दिवस 'बरोबर आहे की' असंच म्हणत होतो. मग कलम १३ चं तिसरं पोटकलम वाचलं: पैशाच्या किंवा मालमत्तेच्या एखाद्या व्यवहारात आधार देणाऱ्याचे आणि दिव्यांग माणसाचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध जात असतील, तर त्यानं त्या व्यवहारात आधार द्यायचा नाही. नुसतं रक्ताचं नातं आहे म्हणून हितसंबंध आड येतात असं धरायचं नाही, हेही त्याच पोटकलमाच्या परंतुकात आहे. पण इथे त्यानं सोडलेला हिस्सा माझ्याकडे येणार होता. मी बाजूला झालो. मामेबहीण आली, आणि एक वकील.

वकिलासाठी पैसे लागतातच असं नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो. शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे अर्ज करायचा. फोनवर विचारायचं असेल तर १५१००.

मामेबहिणीनं फ्लॅटचा नकाशा मोठ्या कागदावर काढला आणि तीन रंगांनी तीन हिस्से रंगवले. मी स्वयंपाकघरात बसून ऐकत होतो. हक्कसोडपत्र म्हणजे काय, हे तिनं त्याचा रंग खोडून माझा रंग भरून दाखवलं. तो बघत राहिला. मग म्हणाला, "आणि माझी खोली?" तीन दिवस रोज अर्धा तास त्या कागदावर गेला. शेवटी त्याचं म्हणणं असं: नवी इमारत बांधू दे, माझं नाव कागदावर राहू दे, आणि खिडकी रस्त्याकडे हवी. बस दिसली पाहिजे. करारात तिघांची नावं आहेत. खिडकीचं लेखी मिळालं नाही, त्यावर अजून बोलणी चालू आहेत.

ध्यानात ठेवायचं ते एवढं: दस्त करून देणाऱ्याला व्यवहार समजत नाही असं दुय्यम निबंधकाला वाटलं, तर नोंदणी नाकारण्याची तरतूद १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. म्हणून त्या दिवशी घाई नको, कागद आधी चार वेळा दाखवलेला असू द्या, आणि तिथे विचारलेल्या प्रश्नाला उत्तर त्यालाच देऊ द्या.

गार्डियनशिप खरंच लागते तेव्हा

काही माणसांचा आधार फार मोठा असतो, आणि काही व्यवहार कागदाशिवाय हलत नाहीत. तेव्हा दोन दारं आहेत.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असेल, तर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली स्थानिक स्तर समिती. लोक तिला एलएलसी म्हणतात. तिच्यात जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. चौकशीची जागा म्हणजे स्टेशनकडचं जिल्हाधिकारी कार्यालय. समितीनं दोन गोष्टी तपासायच्या असतात: या माणसाला पालकाची गरज आहे का, आणि कशासाठी. हे 'कशासाठी' अर्जात नेमकं लिहा. 'सर्व कारणांसाठी' असं लिहू नका. 'अमुक बँकेतलं खातं चालवण्यासाठी' पुरत असेल तर तेवढंच. समितीचं प्रमाणपत्र खात्यासाठी ग्राह्य धरावं, हे रिझर्व्ह बँकेनं २००७ मध्ये बँकांना सांगितलं आहे.

पालक झालेल्याला हिशेब द्यावा लागतो, हे फारसं कुणी सांगत नाही. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च. दुर्लक्ष किंवा गैरवापर केला तर पालकाला काढताही येतं.

दुसरं दार २०१६ च्या कायद्याचं कलम १४, मर्यादित पालकत्व. ठरावीक काळासाठी, ठरावीक निर्णयासाठी, दोघांनी मिळून आणि त्या माणसाच्या इच्छेप्रमाणे. जुन्या कायद्यांखाली नेमलेले पालकही आता मर्यादित पालकच समजले जातात. आमच्याकडे एलएलसीचा कागद आहे, नऊ वर्षांपूर्वी घाईत काढलेला. तो कपाटात आहे. बँकेत त्याची गरज पडली नाही.

मानसिक आजार असेल तर

इथे कायदा वेगळा: मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातली दोन साधनं आजारी माणूस बरा असताना स्वतः वापरू शकतो. एक, आगाऊ निर्देश: पुढे मला निर्णय घेता येईनासा झाला तर कुठले उपचार करा, कुठले नको. तातडीच्या उपचारांना तो लागू होत नाही, हे आधीच समजून घ्या. दुसरं, नामनिर्देशित प्रतिनिधी. त्यासाठी स्टॅम्पपेपर लागत नाही. साधा कागद, त्याची सही किंवा अंगठा, आणि ज्याला नेमलं त्याची लेखी संमती. मन बदललं तर दुसरं नाव. भावाऐवजी मित्राचं नाव आलं तर घरच्यांनी रुसू नये. ती निवड त्याची आहे.

या कायद्यातलं मला सगळ्यात आवडतं ते कलम ४: इतरांना निर्णय चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्या माणसाला निर्णयक्षमता नाही असं ठरत नाही. हे वाक्य सगळ्याच घरांत फ्रिजवर लावावं.

पुण्यात या विषयावर काम करणारी माणसं आहेत. इंडियन लॉ सोसायटीचं मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्र इथलंच, तिथले डॉ. सौमित्र पाठारे या कायद्याच्या मसुद्याशी जोडलेले होते. भार्गवी दावर यांनी सुरू केलेला बापू ट्रस्टही इथलाच. मनोसामाजिक, म्हणजे मानसिक आजारातून येणारं, दिव्यांगत्व असलेल्या लोकांच्या कायदेशीर क्षमतेचा मुद्दा त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरला. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

अडलं तर

राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे. हा आपला मोठा फायदा, नांदेड-गडचिरोलीच्या माणसाला त्यासाठी प्रवास करावा लागतो. हक्क नाकारल्याची तक्रार तिथे लेखी करता येते, आणि आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. सोबत यूडीआयडीची प्रत, नाकारल्याचं लेखी उत्तर किंवा अर्जाची पोच, आणि घटनेची तारीख. तक्रारीवर सही दिव्यांग माणसाची घ्या.

घरातल्या घरात अडतं ते वेगळंच. धाकट्याच्या हातात दरमहा पाचशे रुपये असतात. त्यानं एका मित्राला तीनशे उसने दिले, ते आले नाहीत. आई म्हणाली, पैसे देणं बंद. मामेबहीण म्हणाली, मी गेल्या वर्षी शेअरमध्ये किती घालवले विचार, माझे कुणी बंद केले का? पाचशे चालू राहिले. पुढच्या महिन्यात तोच मित्र आला, तेव्हा त्याला पन्नास मिळाले. जिथे जीव, घर किंवा आयुष्यभराची पुंजी पणाला लागते तिथे आम्ही सगळे बसतो, वेळ मागतो, दुसऱ्या कुणाला विचारतो. तीनशे रुपयांसाठी बसत नाही.

वही दर सहा महिन्यांनी उघडतो. गेल्या खेपेला एकोणचाळीसपैकी सतरा निर्णय त्याचे होते. नव्या पानावर त्यानं सांगून लिहून घेतलंय: लोणावळा, लोकलनं, एकट्यानं. आई नाहीच म्हणतेय, काका म्हणतात जाऊ दे, मामेबहिणीनं रविवारी सगळ्यांना बोलावलंय. मला एवढंच काम मिळालंय: परतीच्या शेवटच्या तीन गाड्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून आणायच्या, आणि बैठकीत फोन बाहेर ठेवायचा.